हॅरोतलं एक घर, दोन मुलं आणि डबल बग्गी: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण माझ्या ताईच्या घरचं आहे. घरात ताई, भाऊजी, सव्वादोन वर्षांची थोरली आणि ऑक्टोबरात जन्मलेला धाकटा. राहणं वायव्य लंडनमधल्या हॅरोत, 1930 च्या दशकातल्या एका जोडघराच्या भाड्याच्या तळमजल्यावर. प्रश्न एवढाच होता की डबल बग्गी, म्हणजे दोन मुलांना एकत्र बसवायची बाबागाडी, घ्यायची का, आणि घ्यायची तर कुठली. त्यावर जवळजवळ सगळा हिवाळा खल झाला. नातेवाइकांपासून नर्सरीतल्या आयांपर्यंत प्रत्येकाचं मत वेगळं, आणि प्रत्येक जण बोलायचा तो गाडीबद्दल: चाकं कशी, कापड कसं, घडी किती सुटसुटीत. ताईच्या बाबतीत निर्णय झाला तो मात्र घरातल्या दारांवर, बसमधल्या एका चौकोनावर आणि काकूंच्या परतीच्या तिकिटावर.

काकू म्हणजे ताईच्या सासूबाई. बाळंतपणासाठी त्या ठाण्याहून आल्या होत्या. व्हिजिटर व्हिसावर सलग सहा महिन्यांहून जास्त राहता येत नाही, त्यामुळे मार्चअखेर त्या परत जाणार हे ठरलेलं. त्या होत्या तोवर काही अडत नव्हतं. एकीने थोरलीची जुनी सिंगल बग्गी ढकलायची, दुसरीने धाकट्याला घ्यायचं. डबल बग्गीचा विषय निघाला की काकू म्हणत, "अगं, आम्ही तीन-तीन पोरं कडेवर वाढवली. गाड्याबिड्या कुणी बघितल्या होत्या?" यात खोटं काही नव्हतं. फक्त ठाण्याच्या त्या घरात दोन जावा होत्या, लग्न न झालेली एक नणंद होती आणि समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनी येता-जाता मूल उचलून घेऊन जायच्या. इथे एप्रिलपासून, भाऊजी ऑफिसला जायचे त्या दिवशी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ताई एकटी.

गरज कुणाची आणि कधीपर्यंत

इथे बाळंतपणाची रजा 52 आठवड्यांपर्यंत घेता येते, त्यातल्या 39 आठवड्यांचे पैसे मिळतात. ताई पुढच्या ऑक्टोबरात कामावर रुजू होणार आणि मग दोघंही मुलं नर्सरीत, नेणं-आणणं मोटारीने. म्हणजे डबल बग्गीची खरी गरज एप्रिल ते ऑक्टोबर. ताणून धरली तर आणखी एक हिवाळा. ही मुदत सुरुवातीलाच कागदावर आली हे फार बरं झालं, कारण दुकानातली माणसं "पाच वर्षं बघायला नको" अशा थाटात बोलतात आणि आपणही मान डोलावतो. पाच वर्षांत थोरली शाळेत दोन इयत्ता पुढे गेलेली असेल.

मग दिवस कसा जातो ते लिहून काढलं. आठवड्यातून तीन सकाळी थोरलीची नर्सरी, चालत वीसेक मिनिटं, येताना चढ. दुपारी साडेबाराला तिला घेऊन परत. मधल्या वेळात कधी बाळाचं वजन, कधी लायब्ररीतली गाणी. आठवड्यातून एकदा 182 नंबरची बस पकडून वेम्बली, कारण मेथी, कढीपत्ता आणि धड पिकलेली पपई ईलिंग रोडवरच मिळते. गाडी आहे, होंडा जॅझ, पण ऑफिसच्या दिवशी ती भाऊजी स्टेशनपर्यंत नेतात.

डबल न घेता भागेल का, हे आधी तपासलं. धाकटा स्लिंगमध्ये छातीशी आणि थोरली जुन्या बग्गीत, हा सगळ्यात स्वस्त मार्ग होता. नवीन खरेदी शून्य. ताईने तो थंडीत करूनही पाहिला. सपाट रस्त्यावर, पोट भरलेलं असताना, पाऊस नसताना तो उत्तम चालला. अडचण दोन ठिकाणी आली. सिझेरियन झालेलं, त्यात छातीशी बाळ बांधून खाली वाकायचं आणि हातपाय झाडणाऱ्या थोरलीचे पट्टे लावायचे, हे पोटाला आणि कमरेला सोसेना. दुसरं म्हणजे वजन वाढतंच असतं. दोन महिन्यांचा मुलगा साडेपाच किलोच्या आसपास असतो, सहा महिन्यांचा आठच्या. एप्रिलमध्ये जो भार ताईवर पडणार होता, तो जानेवारीत करून पाहिलेल्या चाचणीत नव्हताच.

दुसरा मार्ग म्हणजे धाकटा बग्गीत आणि मागे चाकांची फळी जोडून तिच्यावर थोरली उभी. फळी स्वस्त पडते, दोन मिनिटांत लागते, आणि बऱ्याच फळ्या 20 किलो किंवा थोडं अधिक वजन घेतात, म्हणजे थोरलीला दोन-तीन वर्षं पुरली असती. पण ही मुलगी नर्सरीतून निघाली की पहिल्या कोपऱ्यापर्यंत बडबडते आणि दुसऱ्या कोपऱ्यावर झोपते. फळीवर उभं राहून झोपता येत नाही. थोरली तीन वर्षांची असती, किंवा दुपारची झोप सुटलेली असती, तर मी ताईला फळी घे आणि विषय संपव असं सांगितलं असतं. डबल बग्गीच्या बाजूने जे जे बोललं गेलं त्यात मला पटलेलं कारण हे एकच, दुपारी साडेबाराची झोप.

मापं

डबल बग्ग्या ढोबळमानाने तीन तऱ्हेच्या. दोन्ही सीट शेजारी-शेजारी, एकामागे एक, आणि तिसरी म्हणजे एका मुलाची गाडी जी जोडसीट लावून दोघांची करता येते. शेजारच्या मावशींनी पहिली सुचवली, भाऊजींना तिसरी आवडली होती. ती महागही होती आणि देखणीही.

मी टेप घेऊन गेले. या घरांतली आतली दारं बहुतेक अडीच फुटी, म्हणजे पल्ला 762 मिलिमीटरचा. दार काटकोनात उघडलं की पल्ल्याची जाडी आणि चौकटीची पट्टी वजा होते. ताईच्या बैठकीच्या दारात हाताला लागलं ते 71 सेंटीमीटर. बाहेरचं दार थोडं रुंद, 78 सेंटीमीटर मोकळं. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की ही बग्गी नेहमीच्या दारातून जाते. नेहमीचं म्हणजे कुठलं? अमेरिकेत सार्वजनिक इमारतींच्या दाराला अपंगांसाठीच्या नियमांनुसार 32 इंच, म्हणजे 81 सेंटीमीटर मोकळी जागा लागते. इंग्लंडमध्ये नव्या घरांच्या मुख्य दाराला 77.5 सेंटीमीटर. हॅरोतलं 1930 च्या दशकातलं घर बांधलं गेलं तेव्हा यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे पत्रकावरचं वाक्य खरं असूनही ताईच्या उपयोगाचं नव्हतं.

आता आकडे बघा. बेबी जॉगरची सिटी मिनी जीटी डबल साधारण 76 सेंटीमीटर रुंद. बगाबूची डाँकी एका मुलासाठी 60 आणि दोघांसाठी 74. माउंटन बगीची ड्युएट 64 च्या आसपास, म्हणजे बऱ्याच सिंगल बग्ग्यांएवढीच. 76 ची गाडी बाहेरच्या दारातून जाते, पण दोन्ही बाजूंना सेंटीमीटर-सेंटीमीटर उरतं. हातात किल्ल्या, खांद्यावर पिशवी आणि मागे पाऊस असताना एक सेंटीमीटर म्हणजे रोज चौकटीला बोटं घासून घेणं. आत आल्यावर पंचाईत निराळीच. बोळ 92 सेंटीमीटर रुंद. त्यात 76 ची गाडी उभी केली की स्वयंपाकघरात जायला आडवं होऊन सरकावं लागतं, आणि रात्री कधी घाईने बाहेर पडायची वेळ आली तर वाटेत तीच. भाऊजी म्हणाले बैठकीचं दार बिजागऱ्यांवरून काढून ठेवू, गाडी आत लावू. घरमालकाची अनामत आणि हॅरोतला जानेवारी, दोन्ही आठवून तो बेत आपोआप मागे पडला.

एकामागे एक सीटवाल्या गाड्या 60-65 सेंटीमीटरच्या, दारांना सोयीच्या. पण त्या लांब असतात. ताईच्या बोळातून बैठकीत वळायचं तर काटकोन आहे. लांब गाडी तिथे पुढे-मागे करत वळवावी लागली असती. रुंदी मोजणारे खूप असतात, वळण मोजणारा क्वचित. जमिनीवर चिकटपट्टीने गाडीचा आकार आखला आणि काकूंना त्यावरून चालायला लावलं, तेव्हा कुठे सगळ्यांना ते दिसलं. काकू म्हणाल्या, "ही गाडी घरात नाही, अंगणात ठेवायची वस्तू आहे."

मापांमध्ये आणखी एक आकडा धरायला हवा आणि तो गाडीचा नाही, मुलाचा. युरोपात बाबागाड्यांसाठी ईएन 1888 हे प्रमाण आहे. त्याचा पहिला भाग 15 किलोपर्यंतच्या मुलांसाठी, दुसरा 22 पर्यंत. जुन्या गाड्यांवर 15 चीच मर्यादा लिहिलेली असते. साडेतीन वर्षांची मुलगी सरासरीने 15 किलोची असते, म्हणजे थोरलीला अजून सव्वा वर्ष मोकळं होतं आणि गरज त्याआधी संपणार होती. 22 किलोवाल्या सीटसाठी जास्त पैसे मोजायचं कारणच उरलं नाही. धाकट्याच्या बाजूची अट उलटी होती. सहा महिन्यांखालच्या बाळाला सीट जवळजवळ सपाट लागते. त्याच प्रमाणानुसार पाठ आणि बैठक यांच्यात निदान 150 अंशांचा कोन हवा. शेजारी-शेजारी गाड्यांत काही ठिकाणी एकच सीट एवढी मागे जाते, काही ठिकाणी दोन्ही. बघून घ्यावं लागतं.

तांदूळ-डाळीची चाचणी

दुकानात रिकामी गाडी एका बोटाने फिरते. दुकानाची फरशी गुळगुळीत, गाडीत वजन शून्य, कोपऱ्यावर कड नाही. म्हणून आम्ही जुन्या गाड्या विकणाऱ्यांच्या दारात गेलो तेव्हा किराणा बरोबर नेला. 10 किलोचं बासमतीचं पोतं आणि त्यावर 2 किलो तूरडाळ, ही झाली थोरली. 5 किलो कणीक म्हणजे धाकटा. पट्टे लावून त्यांना बसवलं. विकणाऱ्या बाई आधी हसल्या आणि मग स्वतःच म्हणाल्या की हे मीही करायला हवं होतं.

पहिली गाडी एकामागे एकची. सपाटीवर मस्त. फुटपाथची कड चढायची म्हणजे हँडल खाली दाबून पुढची चाकं उचलायची. पुढच्या सीटमध्ये 12 किलो, तेही मागच्या आसापासून लांब. ताईला हँडलवर जवळजवळ ओणवं व्हावं लागलं आणि तिने पोटाला हात लावला, तिथेच ती गाडी माझ्यासाठी संपली. जड मूल मागे आणि हलकं पुढे बसवलं तर दाबणं सोपं होतं. पण त्या गाडीत सपाट होणारी सीट मागचीच होती, म्हणजे तान्हं मागे, अडीच वर्षांचं पुढे, दुसरा इलाज नाही. शिवाय मागचं मूल खाली, पुढच्याच्या पाठीआड. थोरली स्वभावाने लाथा मारणारी नाही, पण मागच्याला दिसणार काय, तर कापड.

या जातीच्या गाडीचा आणखी एक धोका तिथेच पाहिला. पुढचं पोतं उतरवलं, हँडलला खरेदीची पिशवी अडकवलेली होती, आणि गाडी मागे कलली. खरंच मूल असतं तर ते कणकेच्या जागी असतं. थोरलीला स्वतःहून उतरण्याची हौस आहे आणि ईलिंग रोडवरून येताना पिशव्या असणारच. पिशवी हँडलला लावायची नाही, खालच्या टोपलीतच ठेवायची, हा नियम कुठल्याही बग्गीला लागू आहे. इथे तो मोडणं जास्त महागात पडतं एवढंच.

दुसरी गाडी शेजारी-शेजारीची, अरुंद. दोन्ही पोरांचं वजन दोन्ही आसांच्या मधोमध, त्यामुळे कड सहज चढली. वळणं छोटी. दोष चालता चालता कळला: गाडी जड पोराच्या बाजूला ओढते. 12 किलो एकीकडे, 5 दुसरीकडे, म्हटल्यावर ओढणारच. त्यात इथले फुटपाथ पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याकडे किंचित उतरते असतात. थोरली रस्त्याच्या बाजूला बसली तर दोन्ही ओढी एकाच दिशेला, घराच्या बाजूला बसली तर एकमेकींना थोड्या छाटतात. येताना त्याच फुटपाथवरून आलं की गणित उलटं होतं, म्हणून ताई नर्सरीतून येताना रस्ता ओलांडून पलीकडून येते. पलीकडच्या फुटपाथचा उतारही रस्त्याकडेच असतो आणि थोरली पुन्हा भिंतीच्या बाजूला. हे तिने स्वतः शोधून काढलं. मी एवढा विचार केला नसता.

आणि सीट अरुंद. 64 सेंटीमीटरमध्ये दोन सीट, दोन्हीकडे चाकं आणि सांगाडा. प्रत्येकाच्या वाट्याला तिशीच्या आतच येणार. जाड कोट घातलेली थोरली त्यात बसते, पण खांदे आवळून. आमच्या बाबतीत वापर एप्रिलपासून होता, म्हणून हे चाललं. नोव्हेंबरात घेणाऱ्याने कोटासकट मूल बसवून बघावं.

भाऊजींच्या आवडत्या तिसऱ्या तऱ्हेबद्दल फार लिहीत नाही. गाडी सुरेख होती, नवी घेतली तर हजार पौंडांच्या वर, आणि दोन सीट लावलेल्या असताना घडी करायची तर आधी एक सीट उपसून काढायची. ती सीट हातात कुठे धरायची याचं उत्तर विकणाऱ्याकडेही नव्हतं.

बस

लंडनच्या बसमध्ये बग्गी न मिटता नेता येते, जागा असेल तर. ती जागा म्हणजे व्हीलचेअरचीच जागा. 2000 सालच्या नियमांप्रमाणे ती किमान 130 सेंटीमीटर लांब आणि 75 सेंटीमीटर रुंद असते, आणि ज्या व्हीलचेअरला धरून हे माप ठरवलं आहे ती 70 सेंटीमीटर रुंद. म्हणजे 76 सेंटीमीटरची डबल बग्गी नियमातल्या व्हीलचेअरहून रुंद आहे. प्रत्यक्षात बऱ्याच बसमध्ये थोडी जास्त जागा असते आणि अशा गाड्या चढलेल्या मी पाहिल्या आहेत. पण रोज ज्या बसवर अवलंबून राहायचं, तिथे ड्रायव्हरच्या मनावर आणि बसच्या बनावटीवर सगळं सोडायचं का? 64 ची गाडी हा प्रश्नच येऊ देत नाही. मला विचाराल तर ताईच्या यादीतली रुंद गाडी घराच्या दाराने नव्हे, 182 नंबरच्या बसने बाद केली.

रुंदीचं भागलं तरी हक्काचं राहतं. त्या जागेवर पहिला हक्क व्हीलचेअरचा. याची एक ठळक केस इथे झाली. फेब्रुवारी 2012 मध्ये डग पॉली हे व्हीलचेअर वापरणारे गृहस्थ वेदरबीहून लीड्सला निघाले होते. बसमधल्या त्या जागेवर एक बाई बग्गी घेऊन उभ्या, मूल झोपलेलं. ड्रायव्हरने विनंती केली, बाई म्हणाल्या बग्गी मिटत नाही, आणि पॉली खाली राहिले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 18 जानेवारी 2017 ला निकाल लागला: ड्रायव्हरने नुसती विनंती करून गप्प बसणं पुरेसं नाही, प्रवासी विनाकारण अडून बसला असेल तर पुढचं पाऊल उचलायला हवं, बस थांबवूनसुद्धा. पॉलींना नुकसानभरपाई मात्र मिळाली नाही.

या केसमध्ये लोक बाजू घेऊन भांडतात. माझं लक्ष "बग्गी मिटत नाही" या उत्तरावर अडकलं. डबल बग्गी घेऊन बसमध्ये चढणारी आई हे उत्तर बरोबर घेऊनच चढते. म्हणून ताईला एक चाचणी करायला लावली, तीही एकटीने, कुणी मदत न करता: दोन्ही मुलं बाहेर काढायची, ब्रेक लावायचा, टोपली रिकामी करायची, गाडी मिटवायची आणि उचलायची. घरासमोर, कोरड्या हवेत, घाई नसताना. धाकटा स्लिंगमध्ये गेला, थोरलीला कुंपणाचा खांब धरून उभं केलं. घडी झाली. पण तोवर थोरली खांब सोडून शेजाऱ्यांच्या मांजरीकडे निघाली होती, आणि 14-15 किलोची घडी एका हाताने उचलणं काही झालं नाही. चालत्या बसमध्ये हे होणार नाही, हे सगळ्यांना कळलं.

निष्कर्ष सरळ होता: व्हीलचेअर आली तर उतरायचं. मिटवायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही, वाद तर नाहीच. हॉपर भाड्यामुळे पहिल्या चढण्यापासून तासाभरात दुसरी बस फुकट असते, त्यामुळे पैशाचं नुकसान नाही, वेळेचं आहे. तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघायचं. डॉक्टरची वेळ ठरलेली असेल त्या दिवशी बस नाही, चालत. ट्यूबचं, म्हणजे लंडनच्या मेट्रोचं, उत्तर सोपं निघालं: हॅरो-ऑन-द-हिलला लिफ्ट आहेत, वेम्बली पार्कला आहेत, आणि जिथे नाहीत तिथे डबल घेऊन एकटीने जायचंच नाही. सरकत्या जिन्यावर डबल बग्गी चढवणारी माणसं दिसतात. त्यांच्याकडे बघू नये.

घेतली ती

64 सेंटीमीटरची, शेजारी-शेजारी, जुनी. एनसीटी या पालकांसाठीच्या संस्थेच्या स्थानिक विक्रीत तशीच एक आदल्या शनिवारी हातची गेली होती, मग जवळच्याच एका कुटुंबाकडून घेतली. जुनी घेताना काय बघायचं तर गाडी उलटी करून बघायची. कापड धुता येतं, ब्रेकचा दात झिजला असेल तर काही करता येत नाही. उतारावर पोती ठेवून ब्रेक लावला आणि हँडल ढकललं. उघडल्यावर सांगाडा खटकन अडकतो का, पाचही पट्टे बक्कलमध्ये बसतात का, तेही पाहिलं.

बिजागऱ्या मात्र मी जरा जास्तच वेळ बघितल्या. छत्रीसारखी मिटणारी बाबागाडी ओवेन मॅक्लॅरेन या विमान-अभियंत्याची, 1965 ची. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला माणूस, त्यामुळे हलकं ॲल्युमिनियम आणि दुमडणारे सांधे त्याला नवे नव्हते. पण जिथे सांधा दुमडतो तिथे बोट सापडू शकतं. त्याच नावाच्या कंपनीच्या सुमारे 10 लाख गाड्या 2009 मध्ये अमेरिकेत परत बोलावल्या गेल्या, मुलांच्या बोटांची टोकं बिजागरीत तुटल्याच्या 12 घटना नोंदल्या गेल्यावर. थोरलीला गाडी "मी उघडते" म्हणायची सवय लागणार हे दिसतच होतं. गाडी उघडताना-मिटवताना ती दोन पावलं लांब, हात डोक्यावर, असा खेळ ताईने पहिल्या दिवसापासून लावला.

काकू जायच्या आधी आठवडाभर त्यांनीही गाडी ढकलली. हँडल त्यांना उंच पडलं, खाली-वर होणारं नव्हतं. त्यांनी धाकट्यावर वारा लागेल म्हणून टपावरून दुपटं सोडलं आणि ताईने ते काढलं. काकूंनी परत सोडलं. शेवटी हेल्थ व्हिजिटरने, म्हणजे लहान मुलांची विचारपूस करणाऱ्या नर्सने, सांगितलं की बग्गी झाकली की आतली हवा कोंडते, उन्हात तर पातळ कापडानेही आत फार तापतं. तेव्हा दुपटं धाकट्याच्या पायांवर आलं. हे ताईच्या तोंडून गेलं असतं तर वेगळं झालं असतं.

पुढे काय झालं

एप्रिल ते जुलै गाडीने हिशेबाप्रमाणे काम केलं. साडेबाराची झोप सीटमध्ये झाली, ताई घरी येऊन थोरलीला तशीच बोळात झोपू द्यायची आणि स्वयंपाकघरात जाताना आडवं व्हावं लागत नव्हतं. कचऱ्याच्या दिवशी फुटपाथवर चाकांचे डबे उभे असतात, त्यांच्यामधूनही ती जायची. बसमध्ये व्हीलचेअर आली तेव्हा ताई उतरली. त्या बाईंनी आभार मानले, थोरलीने बस गेली म्हणून भोकाड पसरलं, पुढची बस आली.

ज्याचा अंदाज कुणीच बांधला नव्हता ते असं की सहा महिन्यांचा झाल्यावर धाकट्याचा हात बहिणीपर्यंत पोचायला लागला. केस, चष्मा, बिस्किट, जे हाताला लागेल ते. शेजारी-शेजारी गाडीचं हे वैशिष्ट्य पत्रकात "भावंडांचा सहवास" म्हणून छापतात. मधे एक कापडी उशी खोचून ते कसंबसं निभावलं.

ऑगस्टमध्ये थोरलीने बसायचंच नाकारलं. दुपारची झोप तिने एका आठवड्यात सोडली. तिची सीट मग मेथी-पालकाची झाली. गरज ऑक्टोबरपर्यंत धरली होती, ती दोन महिने आधीच संपली. नवी घेतली असती तर हे बोचलं असतं; जुनी होती, घेतली त्याच्या जवळपास किमतीला गेली. ज्यांनी नेली त्यांच्याकडे जुळी आहेत. त्यांचा हिशेब ताईपेक्षा अगदी निराळा: दोघांचं वजन सारखं, दोघांना सपाट सीट हवी, आणि गरज सहा महिन्यांची नाही तर निदान तीन वर्षांची. त्यांना मी रुंद गाडी बघा म्हणून सांगितलं होतं. त्यांचं घर नवं आहे, दारं मोठी, आई-बाप दोघांकडे मोटार. पण किंमत बघून त्यांनी हीच नेली.

ठाण्याला डिसेंबरात जायचं ठरलं तेव्हा डबल विकली नसती तरी नेली नसती, यावर दोघांचं एकमत होतं. विमानतळावर ती मोठ्या सामानात जाते, आणि ठाण्यात स्टेशनकडच्या फुटपाथवर ढकलायला सलग दहा मीटर मोकळे मिळाले तरी नशीब. रिक्षात तर ती बसतच नाही. तिथे काकू आहेत, दोन जावा आहेत.

सध्या जुनी सिंगल बग्गी माळ्यावरून खाली आली आहे, धाकट्यासाठी. तिला मागे फळी लावावी असं भाऊजींचं म्हणणं. ताई म्हणते, आता चालू दे तिला.